पायऱ्यांवरची चप्पल

पुलाच्या खांबावरची पाणी मोजायची पट्टी केरबाने पुन्हा वाचली. पाच मीटर दहा. अर्ध्या तासात पाणी हातभर चढलं होतं. त्याने तालुक्याला फोन लावला.

"नोंद घेतली, आबा," कंट्रोल रूममधली अपेक्षा म्हणाली. "पण साहेबांची सही होईपर्यंत आकडा कुणाला सांगू नका. ऑर्डर आहे."

अफवा नकोत म्हणून सकाळपासून नेटही बंद होतं. केरबाला ते पटलं होतं. गेल्या साली कुणीतरी मोबाइलवर धरण फुटल्याचं टाकलं आणि सगळी खालची आळी टेकाडावरच्या शाळेकडे पळत सुटली. धरणाला चीरही गेली नव्हती. पण शाळेच्या अरुंद पायऱ्यांवर त्याची बायको हिरा खाली पडली, ती उठलीच नाही. सहीशिवाय कुणी काही सांगायचं नाही असा कायदा पाहिजेच, असं ग्रामसभेत सगळ्यात मोठ्याने बोलला तो केरबाच.

घाटावरून शालूबाईने विचारलं, "केरबाभाऊ, पानी किती?"

"सांगायची परवानगी न्हाई."

"मग पट्टीच्या काय दर्शनाला जाता व्हय?"

पट्टी सहाला गेली की खालच्या आळीत पाणी शिरतं, हे केरबा पंचवीस वर्षं बघत आला होता. घरी जाऊन त्याने गाय सोडली, हिराची ट्रंक डोक्यावर घेतली आणि मुकाट शाळेची वाट धरली.

भरदुपारी केरबाची गाय वर चाललेली बघितली आणि आळी उठली. कुणी टीव्ही उचलला, कुणी कोंबड्या, कुणी चुलीवरचा अर्धकच्चा भात. शालूबाईने सासूला पाठीवर घेतलं. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, धरण फुटलं! पायऱ्यांवर रेटारेटी सुरू झाली.

केरबाला कळलं: आपण गप्प राहिलो, म्हणूनच हे झालं. ट्रंक खाली टाकून तो सातव्या पायरीवर हात पसरून आडवा उभा राहिला.

"धरण शाबूत हाय! पट्टी मगाशी पाच धा होती. सहाला आळीत येतंय. अजून अर्धा तास येळ हाय. पळू नका, चालत या."

आकडा ऐकला आणि माणसं थांबली. मग म्हाताऱ्यांना पुढे घालून एकेक जण वर आला.

शेवटची शेळी चढत असताना फोन वाजला. "आबा, सही झाली. आता सांगा."

"सांगितलं मगाशीच. माझ्या नावावर नोंद घ्या."

पायऱ्या रिकाम्या झाल्या होत्या. सातवीवर एक चप्पल राहिली होती. गेल्या सालीही तिथे एक राहिली होती, हिराची. केरबाने ती उचलली, चिखल पुसला आणि वर जाऊन विचारलं, कुणाची हाय?

"माझी, भाऊ," शालूबाई म्हणाली आणि तिने पाय पुढे केला.