बसून घेतलेलं माप

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे आणि हे सांगताना दोन पिशव्यांत आहे. मागचा भाग निळ्या पिशवीत, पुढचा करड्या पिशवीत. म्हणून गोष्टही तुकड्यांत सांगते. तुम्ही जोडून घ्या.

निळी पिशवी: मागचं चाक, आसन

मी पाठ टेकून चालवायची सायकल. आसन आरामखुर्चीसारखं, पायडल पार पुढे. घडवणाऱ्यानं माझी चौकट मधोमध कापून तिथं बोल्टांचा सांधा बसवला. लांब जाणाऱ्यानं मला सुटं करावं, रेल्वेत बाकाखाली सरकवावं आणि उतरल्यावर पुन्हा जोडावं, असा त्याचा विचार. पहिल्या उंच मालकानं मला डोंगर दाखवले, समुद्र दाखवला. मग त्याचा संसार वाढला आणि मी दुकानात आकड्याला टांगली गेले. येणारा-जाणारा मला उतरवून घ्यायचा, बसून बघायचा, हसायचा आणि उठायचा.

एके सकाळी कपडे शिवणारी एक बाई आली. मशीनवर वाकून वाकून तिची मान कामातून गेली होती. साध्या सायकलवर बसलं की हातांना मुंग्या यायच्या. सोबत नवरा होता. त्यानं सायकलवरून घरोघरी विजेचे मीटर वाचण्यात उमर घालवली होती, नुकताच निवृत्त झाला होता. नदीच्या काठाकाठानं, उगमापासून मुखापर्यंत, दोघांनी सायकलनं जायचं, हा त्यांचा फार जुना बेत. तो मानेपाशी अडला होता.

माझ्या शेजारी माझ्याच जातीची एक अखंड सायकल होती. नवी, चकचकीत, हलकी.

"ही घे," नवरा म्हणाला. "त्या म्हातारीला कशाला हात लावतेस?"

"अहो, आपला जिना आठवतोय ना? कपाट चढवताना तुम्हीच मध्ये अडकला होतात. आणि उगमापर्यंत रेल्वेनं जायचंय. हे अख्खं धूड कोण आत घेईल?"

"आणि रस्त्यातच तिचे दोन तुकडे झाले तर?"

"मी रोज अख्ख्या कापडाचे तुकडे करून जोडते. तुमची विजार कधी सुटली का?"

दुकानदाराला खोकला आला. मला आकड्यावरून उतरवलं.

करडी पिशवी: पुढचं चाक, पायडल

पायडलचा दांडा पायाच्या लांबीनुसार मागेपुढे सरकवावा लागतो. दुकानदार पाना घेऊन पुढे झाला, तर बाई म्हणाली, "मापाचं काम माझं. घरी बसवीन."

घरी ती ताठ उभी राहिली, टेप लावला आणि विजारीचं घेतात तसं पायाचं माप घेतलं. त्या मापानं दांडा खूप मागे सरकवला. सैल पडलेल्या साखळीच्या कड्या काढून टाकल्या.

चालवताना तिचे गुडघे पोटाशी येऊ लागले. 'सवय नाही, होईल,' म्हणत ती रोज चालवायची. गुडघ्यापेक्षा तिचा टेपवर जास्त विश्वास. आठवडा सरायच्या आत ती जिन्यावर कठडा धरून चढू लागली.

"परत देऊ या," नवरा म्हणाला. "रविवारपर्यंत परत घेईन म्हणालाय दुकानदार."

"मग नदी? तुम्ही तरी जाऊन या."

"एकटा जाऊन काय करू? माशांचे मीटर वाचू?"

ती हसली नाही. मी भिंतीला टेकून आकड्याचा विचार करत होते.

शनिवारी दुपारी ती एका गिऱ्हाइकाची विजार बेतत होती. ते गिऱ्हाईक चाकाच्या खुर्चीवर बसणारं. "उभ्या मापानं कापली तर याला मागून ओढते आणि पुढे गोळा होते," ती नवऱ्याला सांगत होती. "याचं सगळं माप बसूनच..."

कात्री थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"अहो, टेप धरा."

ती भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली, पाय सरळ पसरले. नवऱ्यानं भिंतीपासून टाचेपर्यंत टेप ताणला.

"हे तर वीतभर जास्त भरतंय," तो म्हणाला. "अख्खा जन्म मापं घेण्यात गेला आणि..."

"पुढचं बोलू नका. पाना द्या."

दांडा पुढे सरकला. काढलेल्या कड्या नवऱ्यानं पुन्हा जोडल्या. तो मुकाट्यानं जोडत होता, पण ओठ दाबून हसत होता.

सांधा

रविवारी आम्ही दुकानाकडे वळलो नाही, सरळ गावाबाहेर गेलो. तिचे पाय आता पुरते लांब होत होते आणि मला तिच्याकडून पहिल्यांदाच पूर्ण जोर मिळत होता. चढ संपल्यावर नवरा धापा टाकत मागून आला.

"गुडघा?"

"गप्प आहे."

"आणि मान?"

तिनं मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मग म्हणाली, "अहो, मला मान आहे हे विसरलेच होते."

नवऱ्यानं पाय टेकला, चष्मा काढला आणि उगाच पुसत राहिला. मग म्हणाला, "चल, तिकिटं काढू."

मित्रांनो, आता मी रेल्वेत बाकाखाली आहे. माझं मागणं थोडकं आहे. सांध्याला वंगण द्या, बोल्ट डबीत नीट ठेवा. आणि एखादी वस्तू दुखवते म्हणून ती टाकायच्या आधी, तिच्याशी आपण कसे बसतो ते एकदा बघा. टांगून ठेवलेल्या कितीतरी वस्तू नुसत्या चुकीच्या मापामुळे टांगलेल्या असतात.

गाडीचा वेग कमी होतोय. बाहेर पाण्याचा वास आहे. कुणीतरी निळ्या पिशवीचा पट्टा ओढतंय.