त्रेसष्ट पावलं

आमच्या बेटावर रस्ता एकच, आणि तोही एका गाडीपुरता. समोरून कोणी आलं की ज्याला जवळ पडेल त्याने कडेच्या फुगवट्यात, म्हणजे रस्ता मुद्दाम रुंद केलेल्या जागेत, गाडी घ्यायची आणि दुसऱ्याला जाऊ द्यायचं. जाताना दोघांनीही स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. अख्खा हात हलवायचा नाही, तो पर्यटकांचा थाट. बोट उचललं नाही, तर संध्याकाळपर्यंत दुकानात कुजबुज सुरू होते, की यांचं काय बिनसलं.

मी मर्डीना. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालणं, गोळ्या देणं, हे माझं काम. दिवसाला आठ घरं. हा रस्ता मला झोपेतसुद्धा चालवता येईल, असं मी लोकांना सांगत फिरायचे. वर लोक हसायचे, म्हणून आणखी सांगायचे.

मे महिन्यातली सकाळ. तिसरं घर आटपून मी निघाले होते. पुढच्या फुगवट्यात एक निळसर, नवीकोरी गाडी माझ्यासाठी थांबली होती. शेजारून जाताना मी बोट उचललं. आतल्या बाईने माझ्याकडे चांगलं टक लावून पाहिलं आणि बोट काही उचललं नाही.

माझं डोकं फिरलं. खरंच, तेवढ्यावरून फिरलं. मी आरशात बघायला लागले. कोण ही? इव्हर्टची नवी सून? छे, ती गाडी चालवत नाही. डॉक्टरीणबाई? त्यांची गाडी पांढरी. मग ईशबेलची ती ग्लासगोची बहीण असणार, जिला आम्ही माणसांत धरण्यासारखे वाटत नाही.

तीन नावं मनात यायला लागतो तेवढाच वेळ. नजर समोर आणली, तर रस्त्याच्या मधोमध एक पाठ होती. तपकिरी स्वेटर, हातात काठी.

मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. गाडी थांबली तेव्हा तिच्यात आणि त्या पाठीत वीतभर अंतर होतं. आणि ती पाठ थांबली नाही. ती तशीच, सावकाश, पुढे चालत राहिली.

तो टॉर्मड होता. त्याचा वार असेल तेव्हा माझं सहावं घर. कानातलं यंत्र खिडकीत ठेवून फिरायला निघायची त्याची सवय, आणि वारा तर असा की गाडीचं दार उघडायला खांदा लावावा लागला. मी धावत जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला.

"मर्डीना?" तो वळून म्हणाला. "आज माझा वार नाही. मी परवा घासूनपुसून घेतलंय."

त्याला काही म्हणजे काहीच कळलं नव्हतं. कोणी पाहिलंही नव्हतं. 'सहज थांबले' म्हणून मी निघून गेले असते, तर ती गोष्ट माझ्याबरोबर कबरीत गेली असती. तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्याच्या स्वेटरला पाठीवर कोपऱ्यात रफू केलेलं होतं, आणि ते मी इतक्या जवळून पाहिलं होतं, की मला खोटं बोलवेना. त्याच्या कानाशी तोंड नेऊन मी सगळं सांगितलं, आणि पुढचंही तसंच बोलत राहिले.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "पण होती कोण ती?"

"तेच तर कळलं नाही."

"निळसर म्हणतेस? धक्क्याकडून आली की शाळेकडून?"

"धक्क्याकडून. मला वाटतं ईशबेलची..." आणि मी जीभ चावली. "अहो टॉर्मड, मी तुम्हाला आत्ता मारणार होते. आणि आपण कसल्या चौकशा करतोय?"

तेव्हा कुठे त्याने मागे वळून गाडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "रस्त्यावरची नजर कुठून काढलीस?" त्याने विचारलं.

"त्या फुगवट्यापासून."

"चल. दाखव मला."

ब्रेकचे काळे पट्टे जिथे सुरू झाले होते तिथून आम्ही मागे, फुगवट्याकडे चालत निघालो. त्याचा खुबा बदललेला, त्यामुळे पाऊल तोकडं. मी पावलं मोजत होते. अकराव्या पावलाला कडेला दोन कोकरं निजलेली, त्यांची शेपटं डांबरावर. पुढे एक सताड उघडं फाटक. मग पाण्याने भरलेला खड्डा, त्यात आभाळ. मग गवतातून एक टिटवी उठली आणि आमच्या डोक्यावर आरडाओरडा करत घिरट्या घालायला लागली, म्हणजे तिचं घरटंही तिथेच. यातलं मी काहीही पाहिलं नव्हतं. एवढं सगळं तिथे जिवंत पसरलेलं होतं, आणि मधून एक गाडी गेली होती, जी कोणीच चालवत नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे. चर्चमध्ये आवाज आपोआप खाली येतो ना, तसं काहीतरी मला त्या रस्त्यावर झालं.

टॉर्मड तीनदा दम खायला थांबला. फुगवट्यापर्यंत त्रेसष्ट पावलं झाली. तिथल्या दगडावर तो टेकला आणि आलेल्या वाटेकडे पाहत राहिला.

"मला एवढा वेळ लागला," तो म्हणाला, "आणि तुला तीन नावं."

मला वाटलं, आता तो मला झापणार. मी झापून घ्यायला तयारही होते.

"मी टपालाची गाडी एकतीस वर्षं चालवली," तो म्हणाला. "या रस्त्यावर. एकालाही बोट उचलायचं माझ्याकडून राहिलं नाही. माझी ख्याती होती ती."

"आहे की अजून."

"कशी मिळवली माहितीये? मी काचेमागचा प्रत्येक चेहरा बघायचो. कोण आजारी, कोण रडून आलंय, कोणाच्या शेजारी कोण बसलंय. गाडी गेली तरी वळून बघत राहायचो." त्याने काठी रस्त्यावर आडवी ठेवली. "सकाळी पावणेनऊला, मर्डीना. रोज."

पावणेनऊ म्हणजे काय, ते मला कळायला एक क्षण लागला. तेव्हा शाळेला बस नव्हती, आम्ही मुलं याच रस्त्याने चालत जायचो.

तो नावं घ्यायला लागला. हळूहळू, एकेका नावावर थांबत. "रोना. तिचा भाऊ, तो लंगडणारा. टेकडीवरच्या दोघी जुळ्या. फिनली." वाऱ्यात त्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "आणि सगळ्यांच्या मागे, रस्त्याच्या मधून, एक कायम रेंगाळणारी. लाल दप्तरवाली."

मी त्याच्या शेजारी खाली बसले. मला ती टपालाची गाडी आठवली. ती अगदी माझ्या कोपराजवळून जायची, आणि मी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.