उजवा पाटा

जीपचा मागचा डावा पाटा, म्हणजे चाकावरची कमानीची स्प्रिंग, मोडला तेव्हा बोथच्या देवानंद मिस्त्रीनं दोन्ही बाजूंचे पाटे बदलायला सांगितलं होतं. बाबांनी एकच बदलला.

"उजव्याले काय झालं? चालता गडी कोणी घरी बसवते का?"

दुसऱ्या दिवशी अंगणात जीप उजवीकडे कललेली दिसली. मी टेप आणला. मागच्या चाकावरच्या पत्र्यापासून जमिनीपर्यंत डावीकडे एकोणसत्तर सेंटिमीटर, उजवीकडे पासष्ट. जुना पाटा दबून दबून सपाट झाला होता. नव्याची कमान ताठ होती.

बाबांनी जुन्या जात्याची दगडी तळी उचलली आणि जीपमध्ये मागे डाव्या अंगाला ठेवली. "आता मोज."

सहासष्ट आणि पासष्ट.

"पाह्य! जू सरकवलं का जोडी जमतेच."

मी सहावीत होते तेव्हा आमच्या ढवळ्या बैलाचा जोडीदार मेला आणि म्हाताऱ्या ढवळ्याशेजारी तरणा पवळ्या आला. बाबांनी जुवाला नवं भोक पाडलं आणि मधला दोर पवळ्याकडे सरकवला. ढवळ्याची बाजू दीड हात, पवळ्याची एक हात. म्हणजे पाचातले दोन भाग ओझं ढवळ्यावर, तीन पवळ्यावर. पुढे आदिलाबादच्या कॉलेजात सर तरफ शिकवत होते आणि मी वर्गात एकटीच हसत होते. हे गणित मी शेताच्या धुऱ्यावर बसून, हातात गूळ घेऊन पाहिलं होतं.

पण सोमवारी मी हैदराबादला नोकरीवर जाणार होते. त्यानंतर वांगी-टमाट्याच्या टोपल्या घेऊन आई-बाबा दोघंच बाजारात जाणार. बाबा पुढे, आई मागे टोपल्या धरून.

"बाबा, दगड उभ्या जीपले पुरते. चालत्या जीपले नाही. खड्ड्यात एक बाजू दबते, दुसरी उसळते."

"पुस्तकात उसळते."

"मंग नाल्यावरच्या मोरीपर्यंत चला."

आई, जयवंताबाई, नेहमीसारखी मागे डावीकडे बसली. मोरीच्या अलीकडे रस्ता खचलेला आहे. तिथं जीप उजवीकडे बसली, डावीकडून उडाली आणि आईचं डोकं टपाच्या दांडीला लागलं. दगड सरकून तिच्या पायाशी आला, अंगठ्यापासून चार बोटांवर थांबला.

"अवो, मले बाजारात नेऊन राह्यले का दवाखान्यात?" आई म्हणाली.

बाबांनी गाडी बंद केली. उतरून मागे आले, दगडाकडे पाहत राहिले.

"लागलं?"

"डोस्क्याचं जाऊ द्या. पाय वाचला."

बाबा मोरीच्या कठड्यावर बसले. "हर्षू, पवळ्याची मान आठवते तुले?"

मला आठवेना.

"सोलली व्हती," आई म्हणाली. "महिनाभर हळद-तेल लावलं मी."

"मले काऊन नाही दिसली?"

"तू ढवळ्यालेच गूळ देत व्हती," बाबा म्हणाले. "त्याचं ओझं कमी झालं, हे सारा गाव पाह्यत व्हता. ते गेलं कुठं, हे म्याच पाह्यलं. नव्याच्या मानेवर." कठड्यावरून उठत म्हणाले, "चाल बोथले. आत्ताच."

देवानंदनं आम्हाला पाहिलं आणि न विचारता पाना उचलला. "काका, मी सांगत व्हतो तेव्हा तुमच्या मते मी लुटून राह्यलो व्हतो."

"आताबी लुटूनच राह्यला. हात चालव."

संध्याकाळी दगड उतरवून मी मोजलं. दोन्हीकडे एकोणसत्तर.

जुना उजवा पाटा बाबांनी भंगारात दिला नाही. रिकाम्या गोठ्यात, जू टांगलं होतं त्याच खुंटीवर अडकवला. जुवाची दोन्ही भोकं अजून दिसत होती. आखूड बाजूला, पवळ्याची मान यायची तिथं, लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं. इतकी वर्षं गोठ्यात जात-येत होते, पण त्या बाजूला मी कधी हात लावला नव्हता.

सोमवारी ते दोघं मला स्टेशनवर सोडायला निघाले. खचलेल्या जागी मी मागे वळून आईकडे पाहिलं. टोपलीवर हात ठेवून ती डुलक्या घेत होती.