डाव्या मुठीची शेगडी

मित्रांनो, ते काटेरी झुडूप जरा बाजूला सारा. हं, दिसले? मी नदीकाठची एक जुनी शेगडी आहे. अंग विटांचं, वर लोखंडी जाळी. या काठावर आम्ही पाच-सहा बहिणी. बाकीच्यांच्या जाळ्या दुकानातून आल्या, माझी मात्र एका वेल्डरने हाताने केली.

गडी डावखुरा. आपल्या सोयीने त्याने जाळीची मूठ डाव्या बाजूला बसवली आणि बघणाऱ्यांनी कपाळावर हात मारला. उजव्या हाताने जाळी उचलायची तर विस्तवावरून हात न्यावा लागे!

"असू दे की," तो हसला. "डाव्या माणसांना काय भूक लागत नाही?"

पुढची वर्षं मजेत गेली. सुट्टीच्या दिवशी माझ्याभोवती पाय ठेवायला जागा नसे. कणसं, मासे, बटाटे, सगळं माझ्यावर भाजलं जाई. लोक मुठीला नावं ठेवत आणि बोटं चाटत. मग एकदा कुणीतरी तापलेल्या विटांवर बादलीभर पाणी ओतलं आणि मी तडकले. पुढे इथून बराच दूर नवा पूल झाला, तशी इकडची वाटच मोडली.

एके दिवशी भंगारवाला जाळी हलवून गेला. "उद्या पहार आणतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवत तुडवत, बटाट्यांची पिशवी घेऊन एक जोडपं आलं. बाई त्या वेल्डरची मुलगी होती.

"अहो, बाबांच्या हातचं काहीच उरलं नाही. घरचं फाटकसुद्धा मोडीत गेलं. इथे एक शेगडी केली होती, एवढंच सांगायचे."

"अगं, पण सगळ्या सारख्याच. ओळखणार कशी?" असं म्हणत नवऱ्याने माझी जाळी उचलायला हात घातला. कोपर विटेवर खरचटलं. "आई गं! कोणत्या शहाण्याने मूठ उलटीकडे लावलीय?"

बाई थबकली. तीही डावखुरीच. तिने डावा हात पुढे केला आणि जाळी करकरत वर आली.

"माझ्या बाबांनी!" हसता हसता तिचे डोळे भरून आले. मलाही भरून आलं.

तेवढ्यात भंगारवाला पहार घेऊन हजर. बाईने मूठ सोडली नाही.

"ही नाही मिळायची, दादा. बसा, बटाटे भाजतेय."

तोही बसला.

आता सुट्टीच्या दिवशी पुन्हा धूर निघतो. मित्रांनो, तुम्हीही या. जाताना राख काढा, विटा आपल्या आपण निवू द्या, पाणी ओतू नका. मुठीला खुशाल नावं ठेवा. फक्त ती उजवीकडे बसवून घेऊ नका.