कार्बनचं जू

"हात नका लावू कुणी त्याला!" पिकअपवरून उडी मारता मारताच हर्षाली ओरडली.

सुदर्शन, तिचा धाकटा भाऊ, जिथल्या तिथं थिजला. काळंभोर, चकचकीत जू त्याच्या हातातून निसटून दगडावर आपटलं होतं. गुलालानं माखलेला पाखऱ्या आणि त्याच्या जोडीचा बैल शेजारी फुरफुरत होते आणि बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे पळायच्या धावपट्टीवर, त्यांच्या गाड्याच्या आधी एकच बारी उरली होती.

"ताई, काय सुदिक झालं न्हाई. बघ की, वरखडा तरी हाय का?"

ओरखडा नव्हता, तेच तर दुखणं होतं. हर्षालीची पुण्यातली नोकरी म्हणजे कॉम्प्युटरवर विमानं मोडायची. विमानाचा पंख कार्बनच्या धाग्यांचे थर एकावर एक चिकटवून केलेला असतो. त्यावर ती पडद्यावरच गारा पाडायची, मेकॅनिकच्या हातून पाना पाडायची आणि वरून ठणठणीत दिसणारा पंख आतले थर सुटल्यामुळे पुढे कधी तुटतो ते बघायची. "सयाजीची पोरगी मोडायचा पगार घेती राव," म्हणून सगळं मढ गाव तिची टिंगल करायचं. तिला ते आवडायचं. मोडण्यात तिचा हात धरणारं ऑफिसात खरोखरच कुणी नव्हतं.

हे जू तिनंच आखलं, भोसरीतल्या ओळखीच्या कारखान्यात करून घेतलं. बैल उधळले, गाडा उलटला, सगळं पडद्यावर मोडून पाहिलं. विमानावर पाना पडतो हे ठाऊक असणाऱ्या बाईंना आपला भाऊ जू पाडील, हे काही सुचलं नाही! घरचा माणूस कुणी हिशेबात धरतं का?

तिनं नाणं काढून जू टोकापासून वाजवायला सुरुवात केली. टण, टण, टण. मधोमध आल्यावर बद्द. पुन्हा वाजवलं, पुन्हा बद्द.

"आबा, हे जू नाही चालायचं. आतून सुटलंय."

सयाजींनी फेटा सावरला. भोंग्यावर त्यांचं नाव पुकारलं जात होतं, "लेकीनं बनवलेलं इमानाचं जू" असंही दोनदा सांगून झालं होतं. जुनं लाकडी जू राहिलं होतं मढला, गोठ्यात.

"माझं जू देतो, सयाजीभाऊ," शेजारचे गाडामालक कुशाबा म्हणाले.

"नगं. दुसऱ्याचं जू माझ्या बैलांच्या खांद्याव कधी ठेवलं न्हाई." सयाजी लेकीकडं वळले. "एक बारी बी न्हाई निभायचं? वरीसभर वाट बघितली गं."

हर्षालीनंही वर्षभर हीच वाट पाहिली होती. पण तिचा आवाज हलला नाही.

"निभेलही. पण पळताना तुटलं, तर टोक पाखऱ्याच्या मानेत शिरंल. लोक हसतील ते मला हसू देत."

सयाजींनी पाखऱ्याच्या मानेवरून हात फिरवला. "सुदर्शन, भोंग्यावाल्याला सांग. आपली बारी सोडली."

लोक हसले. "इमान उडालंच न्हाई!" कुणीतरी ओरडलं. सयाजींनी गुलालाचे बैल कासरा धरून गर्दीतून चालवत नेले, फेटा न उतरवता.

घरी आल्यावर सुदर्शननं करवत आणली. "ताई, कापूनच बघू. मंग बोलंल का कुणी?"

हर्षालीचे हातही शिवशिवत होते. आत कुठला थर सुटलाय, हे बघितल्याशिवाय तिला झोप लागली नसती. तिनं करवत घेतलीसुद्धा.

सयाजींनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

"कशाला? तू म्हणलीस ना, सुटलंय म्हणून?"

"हो, आबा."

"मंग सुटलंय."

गोठ्यात सयाजींच्या वडिलांचं, झिजून गुळगुळीत झालेलं जू खुंटीला होतं. त्याच्याच शेजारी सयाजींनी कार्बनचं जू अडकवलं आणि पाखऱ्याच्या मानेवरचा गुलाल ओल्या फडक्यानं पुसायला घेतला.