हात तोच, दिवा दुसरा

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्याच्या फटीतून हात आत घालायचा, आत दिवेबाबा डोळे मिटणार, आणि पडद्यावरचा दिवा हिरवा लागला की रोग पळाला. लाल लागला तर तुमचीच श्रद्धा कच्ची. बाबा कुणाचं तोंड बघत नाहीत म्हणे, त्यांना सगळे सारखे. भलतीच सोय!

आईने हात घातला. दिवा हिरवा.

"गोळ्या फेक, माई," आतून आवाज आला. "हृदय लखलखीत झालंय."

जिना चढताना धापा टाकणाऱ्या आईने गोळ्यांची पाकिटं खुशाल कचऱ्याच्या डब्यात टाकली. लेक शेजारीच उभी होती. इथे भांडून उपयोग नव्हता, आई हटून बसली असती.

लेक वॉशिंग मशीनच्या चिपचे प्रोग्रॅम लिहायची, तेही गणिती फंक्शनांनी बांधलेल्या भाषेत. तिथे नियम एकच: आत तेच गेलं, तर दर वेळी उत्तरही तेच यायला हवं. उत्तर बदललं, तर आणखी काहीतरी गुपचूप आत शिरतंय.

"बाबा, माझा नाही विश्वास," ती मोठ्याने म्हणाली. "आता माझा हात बघा."

आणि तिने आपला कोट आईला चढवला, बाही बोटांपर्यंत ओढली, वर आपलं घड्याळ बांधलं, आतून हात ओळखू येऊ नये म्हणून. "आई, एवढं माझ्यासाठी," ती कुजबुजली.

"घालते की," आई पुटपुटली. "हिरवाच लागणार."

सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आईचाच हात पुन्हा आत गेला.

दिवा लाल.

"अहंकार ठासून भरलाय या पोरीत," बाबा कडाडले.

लेकीने पडदा सर्रकन ओढला. बाबांची अंगठी अजूनही एका डबीला टेकलेली होती. तिने डबी उघडून दाखवली: बॅटरी, नखाएवढी चिप, दिव्याकडे गेलेली वायर. अंगठीत लोहचुंबक. डावीकडे टेकवलं की हिरवा, उजवीकडे लाल.

"हेच मी रोज करते, बाबा. फक्त माझ्या चिपवर लोकांचे कपडे धुतले जातात, जीव जात नाहीत."

"मग आमचे हिरवे दिवे?" मागून कुणीतरी घाबरून विचारलं.

"ते यांच्या मर्जीचे होते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. आणि चमत्कार दिसला, तर तोच हात पुन्हा घालून बघा, फक्त कुणाचा ते कळू देऊ नका."

आई कोटासकट कचऱ्याच्या डब्याशी वाकली. गोळ्यांचं पाकीट पदराला पुसून म्हणाली, "पाणी दे गं."