तीन बोटं पुढे, एक मागे

मी एक जुना लोखंडी हात आहे. मित्रांनो, मला बोटं चारच आहेत, तीन पुढे आणि एक मागे. माणसाच्या हातावरून नव्हे, पाखराच्या पायावरून मी घडलो आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

माझा जन्म एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली मानवत गावात, सूर्यभान मिस्त्रींच्या वर्कशॉपात झाला. मिस्त्री ऑइल इंजिनं दुरुस्त करत. जवळच्याच खेड्यातल्या चतुराबाईंचा डावा हात कडबा कापायच्या यंत्रात मनगटापासून गेला होता. ज्वारीची काढणी एका हाताने होत नाही. डाव्या हातात ताटं धरायची, उजव्याने विळा चालवायचा. हात गेल्यापासून चतुराबाई काढणीच्या टोळीतल्या बायांना पाणी द्यायच्या. त्यांना पुन्हा पात धरायची होती, म्हणजे सगळ्या बायांच्या रांगेत आपला पट्टा कापत पुढे जायचं होतं. दुसरं काही त्यांनी मागितलं नव्हतं.

मिस्त्रींनी फांदीवर बसलेली पाखरं न्याहाळली आणि लोखंडी पट्ट्यांची चार बोटं केली. त्यांना सायकलच्या ब्रेकची तार जोडली. उजव्या हाताने तार ओढली की माझी मूठ मिटायची.

शेतात मात्र पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. तार ओढायची तर दर वेळी विळा खाली ठेवावा लागे. चतुराबाई चार हात मागे पडल्या.

"चतुरे, तार ओढायला आता तिसरा हात बसवून घे," टोळीच्या मुकादम कडूबाई म्हणाल्या. बाया हसल्या. "परवापतूर बघते. न्हाई जमलं तर पाण्याची घागर हायच तुझी."

दिवस मावळताना मिस्त्री चतुराबाईंच्या घरी आले. त्यांच्या सासूबाई, तानुबाई, कोंबड्या टोपलीखाली डालत होत्या.

"मिस्त्री, कोंबडी कधी हातात धरलीव का?"

"मी माळकरी माणूस, मावशी. आमच्या घरी कोंबडी कुठली?"

"मंग ह्यो पाखराचा पाय कशावरून केला?"

"लांबून बघून."

तानुबाईंनी एक कोंबडी उचलून सरळ त्यांच्या मनगटावर ठेवली. "खायला न्हाई म्हणत मी. नुसती बसू द्या."

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले आणि गळ्यातल्या माळेला हात लावला. कोंबडी पाय दुमडून बसली, तशी तिची बोटं मनगटाभोवती आपोआप आवळली. ती उभी राहिली, तशी सैल झाली. मिस्त्रींनी डोळे उघडले.

"हिची तार पायाच्या वाकणातून गेलीय," ते हळूच म्हणाले. "ओढायला दुसरं कुणी लागतच न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी तार चतुराबाईंच्या कोपरावरून नेली. आता कोपर सरळ असलं की माझी मूठ उघडी, वाकलं की मिटलेली. हात लांब करून ताटं गाठायची, कोपर वाकवून ओढून घ्यायची, विळा मारायचा, हात सरळ करून खाली ठेवायची. काढणीला हवं तेच नेमकं माझ्याकडून होऊ लागलं.

ठरल्या दिवशी कडूबाईंनी तीनदा मागे वळून पाहिलं. दुपारी भाकरी सोडताना त्या एवढंच बोलल्या, "चतुरे, उद्या माझ्या शेजारची पात तुझी."

"मंग पाणी कोण देईल?" एकीने विचारलं.

"ज्याला तहान लागंल तो उठून घेईल."

मित्रांनो, नंतर आठ सुग्या मी एकाही पातीत मागे राहिलो नाही. माझे सांधे झिजले तेव्हा मिस्त्रींनी चतुराबाईंना माझ्यासारखाच नवा हात करून दिला. मला दिनकर गुरुजींनी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडलं. परदेशात शास्त्रज्ञ किड्यापाखरांकडे बघून यंत्रं घडवायला लागलेत, असं ते मुलांना सांगत होते. मला ते ऐकून नवल वाटलं नाही. माझ्यापुढच्या पुठ्ठ्यावर 'बनवणारे : सूर्यभान मिस्त्री' असं लिहिलं होतं. म्हाताऱ्या मिस्त्रींनी चष्मा लावून ते वाचलं, गुरुजींचा पेन मागून घेतला आणि खाली लिहिलं, 'शिकवणारी : तानुबाईंची कोंबडी'.

प्रदर्शन संपलं आणि मी शाळेच्या कपाटात गेलो. दोन पावसाळे झाले, कुणी कपाट उघडलं नाही. तारेला गंज धरतो आहे. तुम्ही कधी आलात तर करडईच्या तेलाचं एक बोट माझ्या सांध्यांना लावा, आणि माझी तार कोपरावर अडकवून हात वाकवून बघा. मूठ अजून पक्की मिटते.